जाहिरातीत पगाराची रेंज टाकली आणि ऑफिसातली जुनी माणसं जागी झाली, आता काय करू?

चेकनाक्याची (मंगळवार, रात्री 10:50)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय आणि वैतागून लिहितेय, सांभाळून घ्या.

मी वागळे इस्टेटमधल्या एका स्टील डिटेलिंगच्या कंपनीत एचआर बघते. एचआर म्हणजे एचआर, अ‍ॅडमिन, चहाचं बिल, एसीवाल्याला फोन, सगळंच. माणसं 84. काम अमेरिकेतलं, तिकडच्या बिल्डिंगांच्या बीम-कॉलमची शॉप ड्रॉइंग्ज इथे बनतात, आणि तिकडे बफेलोला, म्हणजे न्यूयॉर्क राज्यात, आमचं सात माणसांचं छोटं ऑफिस आहे.

आम्हाला इथे ठाण्यात एक चेकर, म्हणजे बनलेली ड्रॉइंग्ज तपासणारा माणूस, हवा होता. जाहिरात मी नेहमीसारखीच लिहिली, पगाराच्या जागी "अनुभवानुसार, बेस्ट इन द इंडस्ट्री". तर बफेलोच्या मॅनेजरचा मेल आला की हा माणूस मला रिपोर्ट करणार, तेव्हा जाहिरातीत पगाराची रेंज टाका, आमच्या वकिलाने सांगितलंय, इथे तसा कायदा आहे. मी शेठना विचारलं, ते गाडीत होते, म्हणाले टाक गं, त्यात काय. मी टाकली. सीटीसी, म्हणजे कंपनीचा एका माणसामागचा वर्षाचा एकूण खर्च, साडेसहा ते नऊ लाख.

शुक्रवारी टाकली, सोमवारी सकाळी आमचे एक जुने चेकर माझ्या टेबलाशी आले. अकरा वर्षं झाली त्यांना, नवीन पोरांना ड्रॉइंग वाचायला तेच शिकवतात. काही बोलले नाहीत, फक्त मोबाईल माझ्या मस्टरवर ठेवला, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आकड्यावर झूम केलेला. त्यांची सीटीसी 6.10 आहे, मला पाठ आहे कारण शीट मीच बनवते. मग म्हणाले, "मॅडम, मी पण अप्लाय करू का?" हसत म्हणाले हो, म्हणून जास्त लागलं.

दुपारपर्यंत सगळ्या फ्लोअरला माहिती. आता शेठ म्हणतात जाहिरात काढून टाक, आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये पगार गुप्त ठेवायचा क्लॉज आहे ना, मग जे चर्चा करतायत त्यांना मेमो दे. मला नाही वाटत मेमोने काही होईल. पण मला आधी हे समजून घ्यायचंय की हा कायदा नक्की काय आहे, ठाण्यातल्या नोकरीला अमेरिकेचा कायदा कसा काय, आणि ज्यांच्याकडे हे आधी झालंय त्यांनी काय केलं?

ऐरोली_लोकल (मंगळवार, रात्री 11:35)

ताई, पहिलं म्हणजे मेमो देऊ नका. बाकी सगळं नंतर बघू.

मी ऐरोलीत एका जर्मन मालकीच्या कंपनीत कॉम्प अँड बेन, म्हणजे पगार आणि सुविधांचं काम, बघतो, त्यामुळे गेली दोन वर्षं हेच चाललंय. तुमच्या बफेलोवाल्यांचं ऐकून आधी मलाही हसू आलं असतं, पण त्यांचा वकील उगाच बोलत नाहीये. न्यूयॉर्क राज्याचा कायदा 17 सप्टेंबर 2023 पासून लागू आहे आणि चार किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक मालकाला आहे, म्हणजे तुमचे सात आलेच. त्यात गोम अशी की काम न्यूयॉर्कच्या बाहेर होणार असेल पण माणूस न्यूयॉर्कमधल्या सुपरवायझरला किंवा ऑफिसला रिपोर्ट करणार असेल तरी रेंज लिहायची, असं कलमातच लिहिलंय. हे त्यांनी घरून काम करणाऱ्यांसाठी घातलं, पण तुमचा चेकर बफेलोला रिपोर्ट करतो म्हटल्यावर वकील म्हणणारच, टाका रेंज. आणि फक्त नवीन भरती नाही, प्रमोशन किंवा ट्रान्सफरची जागा काढली तरी तेच. रेंज कशी, तर जाहिरात देताना मालकाला प्रामाणिकपणे जी द्यायची आहे असं वाटतंय ती.

हे एकट्या न्यूयॉर्कचं खूळ नाही. सुरुवात कोलोरॅडोने केली 1 जानेवारी 2021 पासून, तेव्हा काही कंपन्यांनी काय शक्कल लढवली माहितीय का, जाहिरातीत लिहायचं "घरून काम, कुठूनही चालेल, कोलोरॅडो सोडून". मग न्यूयॉर्क शहर, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, 2025 मध्ये इलिनॉय, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स. एवढी राज्यं झाल्यावर कोणाकोणाला सोडणार, मग मोठ्यांनी सरळ सगळीकडेच रेंज टाकायला सुरुवात केली.

आणि युरोपवाले तर याच्या पुढे गेलेत. युरोपियन युनियनचं डायरेक्टिव्ह, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेला आदेश, 2023 चं आहे, सगळ्या देशांना 7 जून 2026 पर्यंत आपापले कायदे करायची मुदत. त्यात जाहिरातीतला आकडा ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. उमेदवाराला आधीचा पगार विचारायचाच नाही. म्हणजे आपला जो पहिला प्रश्न असतो ना, करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, तो बंद. आत असलेला कर्मचारी लेखी विचारू शकतो की माझ्यासारखंच काम करणाऱ्या बायकांचा सरासरी पगार किती, पुरुषांचा किती, आणि कंपनीने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. शंभरच्या वर माणसं असतील तर ठरलेल्या वर्षांनी आकडे सरकारला द्यायचे, आणि एखाद्या गटात 5 टक्के किंवा जास्त फरक निघाला, त्याचं कारण सांगता आलं नाही आणि सहा महिन्यांत तो दुरुस्तही केला नाही, तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन सगळं परत तपासायचं. कोर्टात गेलं तर भेदभाव झाला नाही हे बऱ्याचदा कंपनीने सिद्ध करायचं.

हे ऐरोलीच्या ऑफिसला लागू नाही, पण मालक तिकडचा, त्यांनी जगभर एकच बॅण्ड सिस्टिम आणली, म्हणजे प्रत्येक पोस्टच्या पगाराला खालची आणि वरची मर्यादा. मग आम्हाला इथेही प्रत्येक पोस्टला बॅण्ड लावावा लागला, आणि लावताना कळलं की आमच्याकडे एकाच टेबलावर बसून एकच काम करणाऱ्या तिघांचे पगार तीन तऱ्हेचे का, याचं एकच खरं उत्तर होतं, जॉइन होताना कोण किती घासाघीस करून आलं.

तुमचा प्रॉब्लेम जाहिरात नाहीये ताई, जाहिरातीने फक्त लाईट लावला.

घोडबंदर_ट्रॅफिक (बुधवार, सकाळी 8:15)

सोपा उपाय, रेंज लिहा 3 ते 25 लाख. कायदा पण खुश, शेठ पण खुश. 😄

ऐरोली_लोकल (बुधवार, सकाळी 8:40)

@घोडबंदर, तुझ्यासारखे तिकडेही निघाले होते, म्हणूनच तो "प्रामाणिकपणे" शब्द कायद्यात आहे.

रबाळे_लेथवाला (बुधवार, दुपारी 1:20)

मी मालक बाजूचा, त्यामुळे आधीच सांगतो, शिव्या घाला.

माझं रबाळे एमआयडीसीत 30 माणसांचं युनिट आहे. हे सगळं वाचायला छान वाटतं पण छोट्या मालकाचं गणित वेगळं असतं. नवीन माणूस मार्केट रेटने येतो कारण तो येतच नाही नाहीतर. जुना माणूस दर वर्षी 6-7 टक्क्याने वाढत जातो. मार्केट मध्येच उडी मारतं, आणि जुना मागे राहतो. यात माझी काही लबाडी नाही, मी कोणाला फसवलेलं नाही, तो पण कधी बोलला नाही. आता त्याला आकडा दाखवला तर त्याला वाटणार शेठने अकरा वर्षं लुटलं. सगळ्यांना एकदम वर आणायचं म्हटलं तर मी ऑर्डर कुठल्या रेटने घेऊ? चीनवाला उभाच आहे.

आणि एक, पगार उघडे केले की बायकांचे वाढतात असं सगळे म्हणतात. डेन्मार्कमध्ये 2006 ला कायदा आला, 35 च्या वर माणसं असलेल्या कंपन्यांनी बाई-पुरुष पगाराचे आकडे द्यायचे. फरक कमी झाला हे खरं, पण अभ्यास झाला तेव्हा दिसलं की मुख्य कारण पुरुषांची वाढ मंदावली हे होतं. म्हणजे मालकाने खिशातून काढलं नाही, एकाचं वाढायचं थांबवलं. माझा मुलगा तिकडे शिकायला होता त्याने दाखवलं हे. कामगारांनी याचाही विचार करावा.

बाकी ताईंना सल्ला, जाहिरात काढू नका, आता काढलीत तर अजून बोंब. ज्यांनी स्क्रीनशॉट काढायचा त्यांनी काढलाय.

कोपरीकर_सीए_नाही (बुधवार, संध्याकाळी 7:05)

मी साधा नोकरदार, ठाणे-वाशी लोकलने रोज जाणारा, मला एकच म्हणायचंय की सीटीसीचा आकडा ही निम्मी थापच असते, त्यामुळे रेंज टाकताना नीट टाका.

समजा साडेसहा लाख सीटीसी. माणूस काय करतो, बाराने भागतो, 54 हजार म्हणतो, बायकोला सांगतो, घराच्या ईएमआयचा विचार सुरू करतो. आता बघा. त्यात 50 हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी मिळाला तर मिळाला. बेसिक निम्मं धरा, 3.25 लाख. त्याच्यावर ग्रॅच्युइटी 4.81 टक्के म्हणून साधारण 15,600 त्यातच घातलेले, ते पाच वर्षं टिकलात तर. कंपनीचा पीएफ 15,000 च्या सीलिंगवर महिन्याला 1,800, म्हणजे 21,600. हे सगळं काढा, महिन्याचा ग्रॉस येतो 46,900 च्या आसपास. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि पीटी, म्हणजे व्यवसाय कर, 200 गेला. हातात 44,900. 54 कुठे, 45 कुठे.

तर ताई, जाहिरातीत लिहायचंच असेल तर फिक्स्ड वेगळं आणि व्हेरिएबल वेगळं लिहा. आणि तुमच्या त्या जुन्या चेकरकाकांशी तुलना करताना पण फिक्स्डशी फिक्स्ड लावा. कदाचित फरक कमी निघेल, कदाचित जास्त निघेल, पण निदान खरा निघेल.

बाकी एक गंमत म्हणून, आपल्याकडे स्थळ बघायला आलेली आत्या पहिल्या पाच मिनिटांत पॅकेज विचारते, झेडपीच्या मास्तरांचा पगार सगळ्या गावाला माहीत, सातव्या वेतन आयोगाचं मॅट्रिक्स तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, लेव्हल सांगा की पगार कळला. शेजारच्या टेबलावरच्याचा मात्र विचारायचा नाही, पाप लागतं.

जुना_युनियनवाला (बुधवार, रात्री 9:30)

मंडळी, अमेरिका-युरोप करताय ते ठीक, पण आपल्या घरचं पण बघा.

खाजगी कंपनीने जाहिरातीत रेंज लिहायची सक्ती आपल्याकडे नाही हे बरोबर. पण समान कामाला समान पगार हे आपल्याकडे 1976 पासून कायद्यात आहे, समान वेतन कायदा. आता तो वेतन संहितेत, म्हणजे कोड ऑन वेजेसमध्ये गेला, आणि संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली आहे. एकच किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर बाई म्हणून कमी पगार देता येत नाही. आणि हे मुद्दाम मालकवर्गासाठी लिहितो, समानता आणायची म्हणून जास्तवाल्याचा कमीही करता येत नाही. रबाळेवाले शेठ, तुमच्या डेन्मार्कची गोष्ट वाढ थांबवण्याची आहे, पगार कापण्याची नाही, ही रेघ लक्षात ठेवा.

आपल्या मुंबईतलीच केस आहे. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा, सुप्रीम कोर्ट, 1987. जहाज कंपनी, तिथे साहेबांच्या केबिनसाठी बायका स्टेनोग्राफर होत्या, "कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनो" असं वेगळं नाव. पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. कंपनी म्हणाली, यांचं काम वेगळं, शिवाय युनियनबरोबर करार झालाय, शिवाय आमची परिस्थिती नाही एवढं द्यायची. कोर्टाने तिन्ही गोष्टी उडवल्या. कायदा लागू होणं हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही असं स्पष्ट म्हटलं. आमच्या युनियनच्या शिबिरात ही केस शिकवायचे तेव्हा त्या करारावर सही करणाऱ्या युनियनचा विषय आला की सगळे चहा घ्यायला उठायचे, ते जाऊ दे.

चेकनाक्याच्या ताई, तुमच्या त्या शीटमध्ये बाई चेकर किती आणि त्यांचा आकडा काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी बघा. अकरा वर्षांच्या माणसावर अन्याय झाला तरी तो कायद्यात सापडेलच असं नाही. बाईवर झाला असेल तर त्याला बफेलोच्या वकिलाची गरज नाही, ठाण्यातच भागेल.

चेकनाक्याची (बुधवार, रात्री 11:20)

दादा, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत.

ऑफिसातून येताना बसमध्ये डोक्यात तेच चाललं होतं, घरी येऊन लॅपटॉप उघडला. चेकर नऊ आहेत. सहा जण साडेसहाच्या खाली, 5.80, 5.95, 6.00, 6.10, 6.20, 6.45. त्यातली 5.80 वाली एकटी बाई आहे, आणि 6.45 वाला तिच्याच बॅचचा, दोघं 2018 ला एकाच आठवड्यात जॉइन झाले, दोघांची ड्रॉइंग्ज एकाच रांगेत जातात. फरक का, तर ती आधीच्या छोट्या कंपनीतून कमी पगारावर आली होती, आपण तिच्या करंटवर 20 टक्के दिले आणि खूप दिले असं वाटलं. शिवाय ती मॅटर्निटी लीव्हवर होती त्या वर्षी तिला अप्रेझलला "नॉट एलिजिबल" टाकलं होतं. टाकलं होतं म्हणजे मीच टाकलं होतं. तेव्हा फॉरमॅटमध्ये तसा ड्रॉपडाऊन होता म्हणून टाकलं.

सगळ्यांना साडेसहावर आणायचं तर वर्षाला अडीच लाख लागतात, फक्त अडीच. मी तीन वेळा बेरीज केली. एक नवीन चेकर कन्सल्टंटकडून आणला तर तो वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के घेतो, नऊ लाखाच्या माणसाला 75 हजार तिथेच गेले, आणि नवीन माणूस आमच्या क्लायंटची स्टँडर्ड्स शिकेपर्यंत तीन महिने त्याची चेक केलेली ड्रॉइंग्ज आमचे जुने काकाच परत चेक करतात.

@कोपरीकर, फिक्स्डला फिक्स्ड लावून पाहिलं. फरक वाढला. नवीन जागेत व्हेरिएबल नाहीये, जुन्यांना आहे.

ऐरोली_लोकल (गुरुवार, सकाळी 9:10)

ताई, एक सांभाळा. सगळ्यांना साडेसहावर आणून मोकळं होऊ नका. आमच्याकडे हीच चूक झाली होती. खालच्यांना बॅण्डच्या तळाशी आणलं, आणि मग दहा वर्षांचा माणूस म्हणाला, म्हणजे काल आलेला आणि मी एकाच पायरीवर? तो वाढ मिळूनही गेला. अकरा वर्षांचा माणूस जो बाकीच्यांना शिकवतो तो बॅण्डच्या मध्याच्या वरच हवा, तुमच्या रेंजमध्ये मध्य 7.75 आहे. एकदम नाही जमलं तर दोन टप्प्यांत द्या पण टप्पे तारखेसकट लेखी द्या. आणि बाईंचं टप्प्यात नको, ते लगेच.

आणि कारणं लिहून ठेवा. एखाद्याला जास्त का, तर अनुभव, तो शिकवतो का, रात्रीचे क्लायंट कॉल घेतो का, अशी दोन-तीन ठरवा आणि सगळ्यांना तीच लावा. उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे "त्याने जास्त मागितले होते" याच्याशिवाय काहीतरी उत्तर पाहिजे.

मेमोचं परत सांगतो. बफेलोच्या माणसांना तर तसा मेमो देऊच नका, तिकडे साध्या कर्मचाऱ्यांनी आपसात पगार बोलणं 1935 च्या कामगार कायद्यापासून संरक्षित आहे. एकाच कंपनीत बफेलोवाल्याला बोलायची मुभा आणि ठाणेवाल्याला मेमो, हे फ्लोअरला दुसऱ्या दिवशी कळेल.

रबाळे_लेथवाला (गुरुवार, दुपारी 2:00)

काल रात्री मीही माझी शीट काढली, ताईंमुळे. जास्त काही लिहीत नाही. माझ्याकडे पण एक 5.80 आहे.

घोडबंदर_ट्रॅफिक (गुरुवार, दुपारी 2:25)

ओके, माझा 3 ते 25 वाला जोक मागे घेतो.

नॉर्वेत तर म्हणे कोणाचंही उत्पन्न सरकारी साईटवर बघता येतं, फक्त 2014 पासून ज्याचं बघितलं त्याला कळतं की कोणी बघितलं. आमच्या सोसायटीत हे आलं तर सेक्रेटरीचं नाव रोज सगळ्यांना दिसेल.

चेकनाक्याची (शुक्रवार, रात्री 10:15)

अपडेट देते, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात म्हणून.

जाहिरात काढली नाही, फक्त सीटीसीऐवजी फिक्स्ड लिहिलं. मेमो दिला नाही. आज लंचनंतर शेठसमोर एक कागद ठेवला, फक्त नऊ ओळी, नावं न लिहिता, वर्षं, काम आणि आकडा. नावं मुद्दाम नाही लिहिली. ते बराच वेळ बघत बसले आणि 5.80 वर बोट ठेवून म्हणाले, हा कोण, एवढा कमी का, याचं काम खराब आहे का? मी म्हटलं ही आहे. मग काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी म्हणाले, हिचं या महिन्यापासून कर, बाकीचं कॅल्क्युलेशन दोन टप्प्यांत काढून दाखव.

काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही, सही झाल्याशिवाय सांगणार नाही. आज जाताना ते म्हणाले, मॅडम, माझा इंटरव्ह्यू कधी ठेवलाय? या वेळी मीच हसले, पण पोटात गोळा आला. पगाराची फाईल 28 ला बँकेत जाते आणि शेठ सोमवारपर्यंत पुण्याला आहेत. कोणाला दोन टप्प्यांच्या पत्राचा मराठी किंवा इंग्रजी ड्राफ्ट असेल तर प्लीज मेसेज करा.